दुपारची सुटी, पण रोजीसकट

एप्रिल अर्धा सरतो न सरतो तोच जिल्हा प्रशासनाचं पत्रक येतं. दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, डोक्याला दुपट्टा बांधा, तहान नसली तरी पाणी प्या, सुती आणि सैल कपडे घाला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते चिकटतं, तलाठ्यापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतं, आणि आशाताई तेच घरोघर जाऊन सांगतात. त्यांनाही गृहभेटींचा आकडा भरायचा असतो, त्यामुळे ‘उन्हात फिरू नका’ हे सांगायला त्या उन्हातच फिरत असतात. पत्रकात चूक काही नसते, डॉक्टरही हेच सांगतील. फक्त ते वाचून घरी बसता येईल अशी माणसं गावात किती, हा विचार लिहिणाऱ्याने केलेला नसतो. ज्याला मालकाला ‘आता चारनंतर येतो’ म्हणायची सोय आहे, त्याला या सल्ल्याची तशीही फारशी गरज नसते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी काम थांबवणं हा मजुराचा हक्क असायला हवा, त्या तासांची मजुरी बुडता कामा नये, आणि हे कलेक्टर ऑफिसच्या पत्रकातून होणार नाही. ते कामगार संघटनांना मागून, भांडून, करारात लिहून घ्यावं लागेल. आणि ज्या संघटनांनी हे करायचं त्या आज आपल्याच फाटकाच्या आत बघत बसल्या आहेत, हेही बोलायला हवं.

सरकारला विदर्भाचं ऊन माहीत नाही असं कुणी म्हणू नये. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात २३ जूनला. दरवर्षी असंच थोडं मागेपुढे होतं, कारण इथलं ऊन पोरांना सोसवत नाही हे मान्य आहे. कनिष्ठ न्यायालयांतल्या वकिलांना उन्हाळ्यात काळा कोट न घालण्याची सवलत बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. नागपुरात तर भर दुपारी सिग्नल बंद ठेवतात, दुचाकीवाल्याला दोन मिनिटं उन्हात तिष्ठत राहायला लागू नये म्हणून. दोन मिनिटं! या तिन्ही गोष्टी योग्यच आहेत. विद्यार्थी, वकील, स्कूटरवाला यांच्यासाठी उन्हाचा वेगळा नियम होऊ शकतो, तर गिट्टी फोडणाऱ्यासाठी का होत नाही, एवढाच माझा प्रश्न. (नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी विदर्भात भरतं आणि ते जवळजवळ नेहमी डिसेंबरात भरतं. आमदार मंडळी स्वेटर घालून येतात, हुरडा खातात आणि जातात. एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात, विनाकूलर मंडपात, हेच अधिवेशन घेऊन बघायला हरकत नाही.)

आता तापमानाचं. वर्तमानपत्रात ४५ अंश छापून येतं ते सावलीतलं असतं. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, उन्हापासून जपून ठेवलेला असतो. मजूर त्या पेटीत काम करत नाही. त्याच्या डोक्यावर थेट ऊन असतं, पायाखाली तापलेली माती किंवा डांबर असतं, आणि अंगमेहनतीमुळे शरीर आतूनही तापत असतं. २०२४ च्या मे अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बोंब झाली, आणि मग सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. त्या दोन दिवसांत जेवढी चर्चा झाली तेवढी बिघाड नसलेल्या ४५ अंशांवर कधी होत नाही.

त्यात पुन्हा ‘उष्णतेची लाट’ ही व्याख्या विदर्भाला नीट बसत नाही. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० झालं आणि ते सरासरीच्या ४.५ अंश वर गेलं तर लाट. किंवा सरळ ४५ गाठलं तर लाट, आणि ४७ ला तीव्र लाट. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडची सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असते. तिथे ४४ अंश हा कागदावर लाटेचा दिवस ठरत नाही, नेहमीचा उन्हाळा ठरतो. सरासरीपेक्षा आपण किती वर आहोत हे शरीराला कळत नाही. म्हणून कामगाराचा हक्क लाटेच्या घोषणेला टांगून ठेवायला माझा विरोध आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे तलाव आणि उन्हाळी धानाची बांधी असल्यामुळे दमटपणा जास्त. तिथे ४१ वरही घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड व्हायचा रस्ताच बंद होतो. जगभर यासाठी ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून मोजतात, त्याला वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर म्हणतात. आपल्याकडच्या कुठल्या कामाच्या जागी ते यंत्र दिसलं तर कळवा.

मे महिन्यात तालुक्याच्या कुठल्याही रस्त्यावर डांबरीकरणाची टोळी असते. पावसाआधी काम उरकायचं, बिल काढायचं, त्यामुळे हा धंदा भर उन्हाळ्याचाच. दीडशे अंशांच्या आसपास तापलेला माल डंपरमधून उतरतो, बाया घमेल्यांनी तो कडेकडेला पसरतात. कुणाच्या पायात प्लास्टिकचे बूट, कुणाच्या चपलेवर पोत्याचा तुकडा गुंडाळलेला. साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा, डोळे तेवढे उघडे. सावली म्हणजे उभ्या टँकरची. ती सरकते तशा जेवायला बसलेल्या बायाही सरकतात. पाणी निळ्या ड्रममध्ये, तेही कढत. एकीला विचारलं, पाणी का पीत नाही एवढ्या उन्हात? तर म्हणाली, ‘‘पाणी पेलं तं मंग जाव लागते ना, अन् जाव कुठं इथं? चारी कडून गाड्या.’’

आशाताईंच्या पत्रकात ‘भरपूर पाणी प्या’ असतं. ‘बायांसाठी आडोसा करा’ असं ठेकेदाराला सांगणारं पत्रक मी अजून वाचलेलं नाही. सकाळपासून पाणी टाळायचं, दुपारी घाम गाळायचा, आणि मग कंबर दुखते, लघवीला आग होते म्हणून रात्री कण्हायचं. हे इतकं सवयीचं झालंय की बाया त्याला आजार म्हणतच नाहीत. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, ऊसतोड मजुरांच्या किडन्या तरुण वयात निकामी होऊ लागल्या तेव्हा तिथे वर्षानुवर्षं अभ्यास झाला. अंगमेहनत, ऊन आणि पाण्याची तूट हे त्यातलं मोठं कारण निघालं. उपाय म्हणून पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी नेमाने दिल्या, तर किडनीची इजा कमी झाली. फार मोठं विज्ञान लागलं नाही.

मग मजूर स्वतःच का थांबत नाही? कारण बहुतेक काम गुत्त्याचं किंवा मापाचं असतं. विटा हजारावर, तेंदूपत्ता शेकडा पुड्यांवर, पऱ्हाटी उपटणं एकरावर, रोजगार हमीची माती घनमीटरवर. मोजून मजुरी मिळते तिथे विश्रांतीचे पैसे मजुराच्याच खिशातून जातात. सावलीत बसलेला अर्धा तास म्हणजे तेवढ्या विटा कमी. त्यामुळे चक्कर आली तरी माणूस तोंडावर पाणी मारतो आणि परत उठतो. ठेकेदाराला हातात छडी घेऊन उभं राहावं लागत नाही, माप ते काम करतं. ‘आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही’ असं तो म्हणतो, आणि ते खरंही असतं.

म्हणून नुसती ‘१२ ते ४ बंदी’ मला पुरेशी वाटत नाही. बंदी घाला आणि माप तेच ठेवा, तर मजूर पहाटे चारला सुरू करेल, अकराला जेमतेम पाऊण काम होईल आणि पाऊण पैसे मिळतील. उन्हापासून वाचला आणि उधारीत बुडाला. मापच उन्हाळ्यापुरतं कमी व्हायला हवं. हे अशक्य आहे असं कुणी म्हणेल तर त्याला प्राणहिता ओलांडून पलीकडे न्यावं. आंध्र आणि तेलंगणात रोजगार हमीच्या कामावर कित्येक वर्षं उन्हाळी भत्ता दिला जात होता. फेब्रुवारी ते जून, महिन्यागणिक वीस ते तीस टक्के. म्हणजे काम तेवढं कमी झालं तरी मजुरी पूर्ण. सिरोंच्यात उभं राहिलं की जो किनारा दिसतो त्या किनाऱ्यावर हे चालत होतं. आणि रोजगार हमी देशाला दिली कुणी? महाराष्ट्राने. १९७२ च्या दुष्काळातून, वि. स. पाग्यांच्या आग्रहातून, १९७७ च्या कायद्यातून. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी पिण्याचं पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीचा वेळ आणि प्रथमोपचार पेटी द्यायची असं लिहून ठेवलं. प्रत्यक्षात नंतर आलं ते हजेरीचं ॲप. दिवसातून दोन फोटो. सकाळी सहाला येऊन दहाला काम आटोपलं तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं, कुठे तर तिथेच, उन्हात. सावलीची तरतूद कागदावर राहिली आणि फोटोची तरतूद मात्र सक्तीने अमलात आली.

कारखान्यांसाठी कायदा होता, नाही असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कामाच्या जागचं तापमान कामगाराला सोसेल असं ठेवावं असं होतं. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी द्यावं असंही होतं. आता २४९ कामगारांना तहान कमी लागते असा काही शोध लागलेला नाही. हा कायदा आता कामगार संहितांत विरघळला आहे. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वीज वापरणारा कारखाना मूळ १९४८ च्या कायद्यात दहा कामगारांवर ‘कारखाना’ ठरायचा, आता वीस लागतात. विदर्भातल्या छोट्या जिनिंग, दालमिल, राईसमिलमध्ये हजेरीपटावर किती नावं असतात आणि टिनाच्या शेडमध्ये किती माणसं असतात, हे ज्याने पाहिलंय त्याला या एका बदलाचा अर्थ समजावून सांगायला नको.

दुसरी संहिता औद्योगिक संबंधांची. तिच्यात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सगळ्या औद्योगिक आस्थापनांना सक्तीची झाली. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी मिळून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा इशारा देतं तो चार-पाच दिवस आधी. आता हिशेब करा. उद्या ४६ अंश जाणार म्हणून शेडमधले कामगार एकमताने दुपारी बाहेर येऊन झाडाखाली बसले, तर मालक त्याला बेकायदा संप म्हणू शकतो. नोटीस द्यायची तर लाट यायच्या चौदा दिवस आधी द्यायला हवी होती, म्हणजे हवामान खात्यालाही कळायच्या आधी. जुन्या कारखाना कायद्यात भोपाळनंतर, १९८७ मध्ये, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी एक कलम आलं होतं. जिवाला तातडीचा धोका दिसला तर कामगाराने तो मालकाच्या नजरेस आणावा, आणि मालकाची खात्री पटली तर त्याने उपाय करावा. काम सोडून बाहेर यायचा हक्क त्यात नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात मात्र तो आहे. गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं सकारण वाटून बाजूला झालेल्या कामगारावर कारवाई होता कामा नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्या संघटनांनी संहितांविरुद्ध मोर्चे काढले, घोषणा दिल्या. पण ऊन हा तातडीचा धोका धरा आणि त्यासाठी थांबलेलं काम संप धरू नका, ही साधी मागणी मला त्या घोषणांत ऐकू आली नाही.

इथे संघटनांचं बोलायलाच हवं. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडच्या पट्ट्यात कोळसा आहे, वीजकेंद्रं आहेत, सिमेंट आहे. आयटक, इंटक, सीटू, भामसं या सगळ्या कामगार संघटनांचे फलक फाटकावर आहेत. कायम कामगाराने लढून बरंच मिळवलं, त्याबद्दल आकस नाही. पण खुल्या खाणीत वरची माती हलवण्याचं, सायडिंगवर कोळसा सारण्याचं, राखेच्या गाड्या भरण्याचं काम आज मुख्यतः ठेक्यावर चालतं. एकाच फाटकातून दोन जातींचे कामगार आत जातात. एकाला कँटीन, रेस्टरूम, दवाखाना आणि युनियन. दुसऱ्याला ठेकेदाराचा मुकादम. दोघांवर ऊन मात्र एकच पडतं, आणि उघड्यावरचं काम बहुधा दुसऱ्याकडेच असतं. कायम कामगारांच्या सभेत बोनस आणि वारसा नोकरीवर दोन तास चर्चा होते. ठेक्यावरच्या माणसाला दुपारी बसायला शेड हवी, हा विषय वेळ उरला तर.

कामगार चळवळीची सुरुवात आठवली तर हे जास्तच खटकतं. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्यातल्या मागण्यांत आठवड्याची सुटी होती, ती मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. रविवारची ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्याच निवेदनात दुपारी अर्ध्या तासाची सुटी हीही मागणी होती, आणि जखमी कामगाराला भरपाई हीही होती. एकशे चाळीस वर्षांनी विदर्भातल्या रस्त्यावरची बाई तोच अर्धा तास शोधते आहे. तिच्या नावाने निवेदन लिहायला कुणी लोखंडे आलेले नाहीत.

बाहेरच्या देशांतली दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात, एकमेकांच्या उलटी असल्यामुळे. अमेरिकेत उन्हापासून संरक्षणाचा देशभराचा नियम २०२४ मध्ये प्रस्तावित झाला आणि प्रस्तावावरच अडला. पण कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या संघटनेच्या रेट्यामुळे २००५ मध्येच पाणी-सावली-विश्रांतीचा नियम झाला होता. आणि २०२३ मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीच्या टीमस्टर्स युनियनने संपाच्या तोंडावर करार करून नव्या गाड्यांत वातानुकूलन मिळवलं. कायद्याने दिलं नाही ते करारात लिहून घेतलं. उलट कतारमध्ये परदेशी मजुराला स्वतंत्र युनियन नाही, तरी जगभरातून दबाव आल्यावर २०२१ मध्ये नियम झाला. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद, आणि त्या मिश्र तापमापकावर ३२.१ अंशांच्या वर गेलं तर कुठल्याही वेळी बंद. म्हणजे विदर्भातला एखादा पोरगा गवंडीकामाला दोह्याला गेला तर त्याला दुपारची कायदेशीर सुटी आहे, आणि तोच पोरगा यवतमाळात स्लॅब टाकत असेल तर नाही.

कतारच्या नियमातली तारखांची गोष्ट मला आपल्यासाठी योग्य वाटते. खेड्यात तापमापकावर हक्क ठेवला तर भांडण तापमापकावरच होईल. ४३.८ की ४४.१, कुणाच्या मोबाईलवर, तालुक्याच्या की जिल्ह्याच्या केंद्राचं? घड्याळावर आणि पंचांगावर वाद कमी होतात. १५ एप्रिल ते १५ जून, विदर्भाचे अकरा जिल्हे, दुपारी १२ ते ४ उघड्यावरचं आणि टिनाखालचं काम बंद, माप पाव भागाने कमी, मजुरी पूर्ण. नवतपा, म्हणजे मे अखेरीचे सगळ्यात कडक नऊ दिवस, यात आपोआप येतो. यंत्रं यथावकाश येऊ देत.

सगळ्यात अवघड आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो बड्या मालकाच्या आक्षेपासारखा उडवून लावता येत नाही. पाच एकर कोरडवाहू कापूसवाला स्वतः कर्जात आहे, तो स्वतःही त्याच उन्हात वखर हाकतो. त्याने चार मजुरांना न केलेल्या तासांची मजुरी कुठून द्यायची? त्याला ती द्यायला लावणं अन्यायाचं होईल, आणि व्यवहारात तो कामच देणार नाही. शेतीत तसंही उन्हाळ्यात सकाळपाळीचा रिवाज आहे, सहा ते अकरा. खोट एवढीच की तिला अर्धी रोजी धरतात. ती भरून काढायला पैसा मालाच्या पुढच्या टप्प्यावरून यावा. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातच हमालासाठी लेव्हीची पद्धत आणली. कामगार कुणा एका मालकाचा नसला तरी मंडळ लेव्ही गोळा करतं आणि त्याला लाभ देतं. बांधकामावर तर एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्यापासून आहेच. मग जिनिंगमधून बाहेर पडणाऱ्या गाठीवर, बाजार समितीतल्या खरेदीदारावर थोडी लेव्ही बसवून शेतमजुराचा उन्हाळी निधी का होऊ नये? शेतकऱ्यावर नको, व्यापाऱ्यावर. व्यापारी ती शेवटी भावातून शेतकऱ्याकडूनच काढेल, हा धोका मला दिसतो. हमीभावाची खरेदी धड चालली तरच तो आटोक्यात राहील.

गुजरातच्या ‘सेवा’ संघटनेने विम्याचा मार्ग धरला आहे. तापमान ठरलेल्या पातळीवर गेलं की सभासद बाईच्या खात्यात काही रक्कम थेट जमा होते. २०२४ मध्ये हजारो बायांना असे चारशे रुपये मिळाले. घरी बसायची हिंमत देणारी ही पहिली रक्कम, तिचं मोल आहे. पण यात मालक कुठेच नाही. उन्हात राबवून घेणारा सुटतो, आणि बाई, संस्था, विमा कंपनी आपसात हिशेब करत बसतात. एवढ्यावर थांबू नये.

आणि मेल्यानंतरचं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं गेली, सरकारने वारसांना पाच लाख जाहीर केले. द्यायलाच हवे होते. पण पऱ्हाटी उपटताना बांधावर कोसळलेल्या माणसाच्या कागदावर बहुधा हृदयविकार लिहिला जातो. कोसळला तेव्हा अंगाचं तापमान किती होतं हे कुणी मोजलेलं नसतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते सिद्ध करणं कठीण होतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आपत्ती निधीसाठी केंद्राची जी बारा आपत्तींची यादी होती, तिच्यात थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. राज्याला आपल्यापुरती ती मानून निधीतला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग वापरता येत होता, एवढीच फट. जिथे मृत्यूच उन्हाचा ठरत नाही तिथे कामावरचा मृत्यू म्हणून १९२३ पासून चालत आलेली भरपाई मागायला कोण जाणार? गावातल्या संघटनेचं एक काम तर उद्यापासून होऊ शकतं. थर्मामीटर ठेवायचा, माणूस कोसळला की आधी अंग गार करायचं, आणि ताप, वेळ, जागा लिहून ठेवायची.

पहाटे जा, उन्हाआधी परत या, हा सल्ला तर जंगलाकाठी आणखीच विचित्र होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन एप्रिल-मेचा. पहाटे अंधारात निघायचं, अकराच्या आत पानं घेऊन घरी यायचं, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. ऊन टाळायला अजून लवकर निघा म्हणावं, तर मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ब्रह्मपुरी, नागभीड, मूलकडे हा धोका रोजचा आहे. उजाडायच्या आत वाघ आणि दहानंतर ऊन, मधले चार तास. या चार तासांत जेवढी पानं होतील तेवढ्यावर घर चालेल असा दर मिळाला तरच त्या बाईला थांबता येईल.

पण याच तेंदूच्या बाबतीत एक गोष्ट विदर्भाच्या हातात आहे, जी खाणीत किंवा रस्त्यावर नाही. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्यामुळे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. तिथल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर हे बळ वाढत गेलं. तिथे पानं तोडणारा आणि विकणारा एकच आहे, व्यापाऱ्याशी करार ग्रामसभाच करते. त्या करारनाम्यात शेकडा पुड्यांचा दर असतो, रॉयल्टी असते, पैसे किती दिवसांत द्यायचे ते असतं. येत्या हंगामाच्या करारात आणखी चार ओळी घालता येतील: फळीवर सावलीचा मांडव आणि थंड पाणी व्यापाऱ्याने द्यायचं, दहानंतर जंगलात कुणी थांबणार नाही हे धरून दर ठरवायचा, बायांसाठी आडोसा करायचा, आणि ऊन लागून कुणी दगावलं तर भरपाई कुणी किती द्यायची. लिलाव हंगामाच्या आधी होतो, तेव्हा व्यापारी गरजू असतो. मेमध्ये पानं निबर व्हायला लागली की गरज आपली होते. कोळसा पट्ट्यातल्या युनियनच्या पुढाऱ्यांनी या ग्रामसभांकडे मसुदा घेऊन जावं, किंवा त्यांच्याकडचा मसुदा मागून आणावा.